समोरचं अस्वल नर की मादी?

संपादक महाशय,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या अंकात 'अमेरिकेकडून शिका' अशा अर्थाचं एक वाचकपत्र आलं होतं. अमेरिकेत अस्वलांच्या शिकारीचे परवाने विकतात, त्यातून सरकारला पैसा मिळतो आणि जनावरांची संख्याही आटोक्यात राहते. मग सातपुड्यात तसं का करू नये, असा त्या वाचकांचा सवाल होता. 'माद्या सोडून फक्त नर मारावेत, म्हणजे पापही नको,' अशी पुस्ती त्यांनी जोडली होती. या पुस्तीसाठीच हे पत्र लिहितो आहे.

मी चोपडा तालुक्यातला केळी उत्पादक, वय ७२. शिकारीचं नाव काढलं की कानावर हात ठेवणाऱ्यांतला मी नाही. आमच्या घरी पीक संरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती आणि ती मी चालवलेली आहे. १९७१ च्या खरिपात, पोळ्याच्या पुढेमागे, शेंगांच्या वावरात डुकरांनी रोज रात्री दोन-तीन ओळी उकरायचा सपाटा लावला होता. मी अठरा वर्षांचा. वडिलांनी माळ्यावर बसवलं. एका हातात तीन सेलची बॅटरी होती, दुसऱ्या हातात बंदूक. उजेडात दोन डोळे आणि पाठीची कमान दिसली, बार टाकला. नर आहे की मादी, हा विचार त्या घटकेला मनाला शिवलासुद्धा नाही. सकाळी पाहिलं तर डुकरीण होती. सड दुधाने ताठ झालेले, एका सडाच्या टोकाला वाळलेला पिवळट थेंब आणि त्यावर मुंग्यांची रांग. पुढे दोन रात्री नाल्यातल्या निरगुडीतून कुईकुई ऐकू येत होती, तिसऱ्या रात्री थांबली. वडील बंदूक धुऊन खुंटीला अडकवताना एवढंच म्हणाले, "शेंगा वाचल्या." त्या वाचल्या होत्या, हेही खरं. पुढच्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा आला.

आता अमेरिकेचं. पुतण्या कोलोरॅडोत डेन्व्हरला असतो. काही वर्षांपूर्वी त्याच्याकडे पावसाळा संपेपर्यंत राहिलो होतो. त्याचा शेजारी निवृत्त ट्रक ड्रायव्हर, सप्टेंबरमध्ये डोंगरात जाऊन अस्वल मारून आला. तिकडे मारलेलं अस्वल ठरलेल्या मुदतीत वन्यजीव खात्याच्या माणसाला दाखवावंच लागतं. मला हौस, मी त्याच्या गाडीत बसून कचेरीत गेलो. तिकडच्या या जातीला काळं अस्वल म्हणतात खरं, पण हे दालचिनीच्या रंगाचं होतं. त्या मुलखात अशी तपकिरी बरीच असतात. तिथल्या माणसाने जबडा उघडला, सुळ्यामागचा मक्याच्या दाण्यापेक्षाही बारीक दात चिमट्याने काढला आणि लिफाफ्यात टाकला. मी विचारलं, पुतण्याने भाषांतर केलं. या दाताचा पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की झाडाच्या खोडासारखी वर्षाची वलयं दिसतात, त्यावरून वय कळतं. आणि जनावर मादी असेल तर ज्या वर्षी तिने पिल्लं वाढवली, त्या वर्षाचं वलय बारीक पडतं. म्हणजे बाळंतपणाची नोंद तिच्या दातातच असते.

हे अस्वल मादीच होतं. शेजारी म्हणाला, मी तर नरच समजत होतो, जवळ जाऊन उलटं केल्यावर कळलं. तो काही खोटारडा माणूस नव्हता, चाळीस वर्षं शिकार करतो. कायदाही त्याने मोडला नव्हता. तिथे पिल्लं आणि पिल्लं सोबत असलेली मादी मारायला बंदी आहे, एकटी मादी चालते. गंमत म्हणजे इंग्रजीत मादी अस्वलाला जो शब्द आहे, तोच डुकरिणीलाही आहे. आपल्या मराठीत तर त्याहून पंचाईत. गाय-बैल वेगळे, शेळी-बोकड वेगळे, पण अस्वल म्हणजे 'ते अस्वल', नपुंसकलिंगी. बंदुकीमागच्या डोळ्यालाही ते तसंच दिसतं. अगदी थोराड नर असेल तर जाणता माणूस ओळखतो, मधल्या मापाचं जनावर असलं की त्याचीही फसगत होते.

'सोबत पिल्लं नसतील तर मारा' या नियमातही मेख आहे. काळ्या अस्वलाची मादी धोक्याचा वास आला की पिल्लांना झाडावर चढवते आणि चरायला कधी एकटीच उतरते. पिल्लं जानेवारीच्या सुमारास गुहेत जन्मतात, जेमतेम पाव किलोच्या वर वजन, डोळे मिटलेले. आईजवळ ती पुढची दीड वर्षं असतात. वसंतात तिला मारलं तर झाडावरची पिल्लं उपाशी मरतात आणि ती कोणाच्या हिशेबात येत नाहीत. सप्टेंबर-ऑक्टोबरात मारलं तर तोवर पिल्लं हातीपायी सुटलेली असतात, त्यातली काही जगतातही. म्हणूनच कोलोरॅडोच्या लोकांनी १९९२ मध्ये मतदान करून वसंतातली शिकार, आमिष ठेवणं आणि कुत्री सोडणं हे तिन्ही बंद केलं. उलट अमेरिकेच्याच मेन नावाच्या राज्यात २०१४ मध्ये आमिष, कुत्री आणि सापळे बंद करायचा प्रस्ताव मतदारांनी फेटाळला. तिथले शिकारी म्हणतात की आमिष म्हणून ठेवलेल्या शिळ्या डोनटच्या पिंपापाशी जनावर निवांत उभं राहतं, मागे पिल्लं आहेत का ते नीट पाहता येतं. या म्हणण्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. पण आई पिंपावर आणि पिल्लं झाडावर असली तर?

फ्लोरिडाचं उदाहरण तर पत्रलेखकांनी आवर्जून पाहावं. २०१५ मध्ये तिथे एकवीस वर्षांनी अस्वलाची शिकार उघडली. मर्यादा ३२० ची, मुदत आठवडाभराची. दोन दिवसांत ३०४ अस्वलं पडली आणि शिकार थांबवावी लागली. पिल्लांसोबतची मादी मारू नये हा नियम तिथेही होता. तरी मेलेल्यांत माद्या निम्म्याहून अधिक होत्या आणि काही तर अंगावर पाजणाऱ्या निघाल्या.

आता 'फक्त नर मारा' या सल्ल्याचा हिशेब. गोठा सांभाळणाऱ्या कोणालाही हे सांगायला नको. दहा म्हशींना एक रेडा पुरतो, चार रेडे विकले म्हणून पारड्या कमी होत नाहीत. अस्वलाचंही तेच, एक नर अनेक माद्यांशी जुळतो. संख्या कमी करायची तर मादीच मारावी लागते, कारण वेत तिचं असतं. पहिलं वेत यायला चार-पाच वर्षं, मग वर्षाआड दोन-तीन पिल्लं, तीही अंगावर चरबी असली तर. उन्हाळ्यात माजावर येऊन गर्भ धरतो, पण तो पोटात तसाच थांबून राहतो. नोव्हेंबरपर्यंत खाणं बरं मिळालं तरच रुजतो, नाहीतर जिरून जातो. निसर्गाचं कुटुंब नियोजन पाहा! म्हणून तिथले जाणते अधिकारी एकूण किती मारली यापेक्षा माद्या किती गेल्या हे आधी पाहतात. ॲरिझोनात एखाद्या पट्ट्यात माद्यांचा आकडा भरला की त्या पट्ट्यातली शिकार बंद होते, नर कितीही उरलेले असोत.

तेव्हा पत्रलेखकांनी एक काय ते ठरवावं. संख्या कमी करायची असेल तर 'आम्ही आया मारणार' असं तोंडाने म्हणावं, आणि दात काढून, वय लावून, आकडा भरला की हात आवरून ते करावं. आया मारायच्या नसतील तर त्याला नियंत्रण म्हणू नये, हौस म्हणावं. हौस असायलाही माझी हरकत नाही, ज्या उत्तर अमेरिका खंडात आठ लाखांच्या वर काळी अस्वलं आहेत तिथल्यांनी आपलं पाहून घ्यावं. पण हौसेला नियंत्रणाचं नाव आणि वर पापातून सुटका, हे दोन्ही एका परवान्यात बसत नाही.

आणि आपलं अस्वल ते नव्हेच. सातपुड्यातलं वाळवी, मोह, बोरं खाणारं अस्वल संपूर्ण देशात वीस हजारांच्या आत असावं असा जाणकारांचा अंदाज आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत, ते आहे. माणसाच्या जिवावर उठलेलं जनावरसुद्धा पकडता किंवा हलवता येत नाही अशी खात्री पटल्यावर, मुख्य वन्यजीव रक्षकांच्या कारणासह लेखी आदेशानेच मारता येतं. इथली मादी पिल्लं पाठीवर घेऊन फिरते, दोन-दोन वर्षं सांभाळते. आमच्या लहानपणी बाजारात दरवेशी अस्वल नाचवायचा. ताप हटावा म्हणून आईने मला त्याच्या पाठीवर बसवलं होतं, गळ्यात केसाचा ताईतही बांधला होता. ते पिल्लू मिळवायला बहुधा त्याची आई मारावी लागते, हे आमच्या घरात कोणाला ठाऊक नव्हतं. तो खेळ देशात २००९ पर्यंत रेंगाळला.

पत्रलेखकांचा राग मात्र मला कळतो. माझ्याकडे पूर्वी सालदार असलेल्या एका पावरा आदिवासी माणसाचा चेहरा अस्वलाने फाडला, एक डोळा गेला. पहाटे मोह वेचायला गेला होता. जळगावला दवाखान्यात भेटायला गेलो तर मलाच समजावल्यासारखा म्हणाला, "माय व्हती दादा ती. पाठवर दोन पिल्ले व्हतात." अशा माणसाला भरपाई वेळेवर मिळावी, मोहाच्या दिवसांत गस्त असावी, पहाटे एकट्याने जावं लागू नये, याबद्दल पत्रं यायला हवीत. कोलोरॅडोतल्याच दुरांगो गावात अस्वलाला उघडता न येणारे कचऱ्याचे डबे ज्या वस्त्यांत वाटले, तिथे कचऱ्यावरचे तंटे निम्म्याहून कमी झाले. आमच्याकडे डोंगराच्या कडेच्या बांधावर टाकाऊ केळीच्या फण्यांचे ढीग सडत पडतात. त्यात माझाही ढीग असतो, कबूल करतो.

पत्रलेखक आपल्याच जिल्ह्यातले दिसतात. त्यांना आमंत्रण आहे, मका भरला की एका रात्री माझ्या माळ्यावर या. डुकरं येतातच. बॅटरी मी धरतो. उजेडात उभं राहील ते नर की मादी, एवढंच त्यांनी वरून सांगायचं.

आपला नियमित वाचक,
एक शेतकरी, ता. चोपडा, जि. जळगाव