कबूतर घोकतेच असे नाही

महोदय,

रविवारच्या पुरवणीतील पक्ष्यांच्या बुद्धीवरील लेखात ‘कबूतर जोड्या फक्त घोकते’, म्हणजे चित्रांतला सारखेपणा त्याला कळत नाही, असे म्हटले आहे. ते पटले नाही. अमेरिकेतील संशोधक अँथनी राइट यांनी कबुतरांवर केलेला आणि १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग पाहावा. पडद्यावर आधी नमुना चित्र, मग दोन पर्याय. नमुन्याशी जुळणारे चित्र टिपले की दाणे. चित्रे तीनच होती: बदक, सफरचंद आणि आपल्या तासगावची ओळख असलेली द्राक्षे. काही कबुतरांना नमुन्यावर एकदाही चोच मारावी लागत नसे, काहींना २० वेळा मारावी लागे. सरावातल्या जोड्या दोन्ही गटांना जमल्या. मात्र कधीच न पाहिलेली चित्रे आल्यावर पहिला गट चाचपडला, तर २० वेळा चोच मारणाऱ्यांनी तीही जवळजवळ तितक्याच अचूकपणे जुळवली. पहिल्यांनी पडद्यावरील चित्रांची ठेवण पाठ केली होती. दुसऱ्यांना ‘सारखेपणा’ कळला होता. पक्षी तोच, फरक शिकवण्यात होता. लेखात हे यायला हवे होते. पहिलीच्या वर्गात ‘जोड्या लावा’ घेताना मी आता मुलांना आधी नमुन्याच्या चित्रावरून बोट फिरवायला लावते.

— एक प्राथमिक शिक्षिका, विश्रामबाग, सांगली