बाबांच्या सीटी स्कॅनच्या आधी

ती. बाबा आणि सौ. आईस,
सा. न. वि. वि.

काल फोनवर आईचं एकच पालुपद होतं, ‘त्या डायमध्ये आयोडीन असतं आणि ह्यांना कोळंबी चालत नाही, नकोच तो स्कॅन.’ फोनवर सगळं सांगून होईना, म्हणून लिहिते. डाय म्हणजे स्कॅनचं चित्र स्पष्ट यावं म्हणून शिरेतून देतात ते औषध.

आई, कोळंबीने बाबांच्या अंगावर गांधी उठतात त्या कोळंबीतल्या प्रथिनामुळे, आयोडीनमुळे नाही. मीठ रोज आयोडीनचंच तर वापरतेस. कुठलीही ॲलर्जी असलेल्या माणसाला डायचा त्रास होण्याची शक्यता किंचित जास्त असते, म्हणून कोळंबीचं तिथे सांगायचं. पण तेवढ्यासाठी स्कॅन टाळायचा नाही. सोनोग्राफीत यकृतावर जे दिसलं ते नेमकं काय आहे, हे डाय दिल्यावरच स्पष्ट होईल.

बाबा, आता तुमच्यासाठी. डाय शिरेत गेला की अंगभर गरम लाट येते, तोंडाला लोखंडासारखी चव येते आणि लघवी झाली की काय असं वाटतं. झालेली नसते. मिनिटभरात ओसरतं. घाबरून हलू नका, नाहीतर चित्र बिघडतं. थोडी मळमळही होऊ शकते.

पण खाज सुटली, गांधी उठल्या, घसा आवळला, श्वास लागला, सुईच्या जागी ठणका लागून हात फुगायला लागला, तर त्याच क्षणी ओरडून सांगायचं. तुम्ही दाढ काढताना ‘हं’सुद्धा न करणारे, मला त्याचीच काळजी वाटते. इथे सोसण्यात काहीच मोठेपणा नाही. गंभीर त्रास फार क्वचित होतो: जपानमध्ये 3 लाखांहून जास्त तपासण्यांचा अभ्यास 1990 साली छापून आला, त्यात नॉन-आयॉनिक, म्हणजे तुलनेने कमी त्रास देणाऱ्या प्रकारच्या, डायने गंभीर त्रास 10,000 मध्ये साधारण 4 जणांना झाला होता. आता सहसा याच प्रकारचा डाय वापरतात. शिवाय इंजेक्शनं, ऑक्सिजन तिथेच तयार असतो. मात्र तुम्ही बोललात तरच त्याचा उपयोग.

डाय किडनीवाटे बाहेर पडतो, म्हणून किडनीचं मात्र आधी बघायला हवं. तुमची साखर इतक्या वर्षांची. क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या रक्ततपासणीचा, ताजा रिपोर्ट बरोबर न्या. मेटफॉर्मिनने, म्हणजे तुमच्या साखरेच्या गोळीने, किडनी बिघडत नाही, पण किडनी मंदावली तर ती गोळी अंगात साठते. म्हणून किडनी फार कमजोर असेल तर स्कॅनपासून 48 तास बंद ठेवून, पुन्हा रक्त तपासून मगच सुरू करतात. किडनी चांगली असेल तर बहुतेकदा थांबवावीही लागत नाही. ते डॉक्टरांनाच विचारा, मनाने बंद करू नका. आणि गुडघ्यासाठी मेडिकलमधून परस्पर आणता त्या गोळ्यांचं नाव लपवू नका, त्या किडनीला खरंच जड जातात. उपाशीपोटी यायला सांगितलं तर पाणी कितपत चालेल तेही विचारून घ्या.

आई, तू फाईल घेऊन बाहेर बस. स्कॅननंतर निदान अर्धा तास तिथून हलायचं नाही, बाबांनी रिक्षा बोलावली तरी. पुढे आठवडाभरात कधीही पुरळ येऊ शकतं, तेव्हा रोज पाठ बघ. लघवी कमी झाली किंवा चेहरा सुजला तर रात्र असो, मला फोन कर आणि थेट दवाखाना गाठा. रिपोर्ट आला की फोटो पाठव, मी इथल्या डॉक्टरांनाही दाखवते.

तुमची,
मनू