दुखणं कशाला दिलं?

शरणपूर, नाशिक

प्रिय सोनू,

प्रभूमध्ये सलाम.

तुझा लांबलचक मेसेज वाचला. एवढं सगळं मोबाइलवर टाइप करायचा मला कंटाळा, म्हणून सरळ कागद घेतला.

फिजिओच्या कॉलेजातल्या डिसेक्शन हॉलमध्ये कोपरामागून करंगळीकडे जाणारी नस, अल्नर नर्व्ह, पाहिलीस आणि तुला 139वं स्तोत्र आठवलं: "भयप्रद व अद्भुत रीतीने माझी घडण झाली आहे." वाचून बरं वाटलं. पण लगेच खाली तुझा प्रश्न, एवढं अद्भुत घडवलं तर त्यात दुखणं कशाला घातलं? पाळकसाहेबांनी आदाम-हव्वेपासून सुरुवात केली असती. मी पडले नर्स, मी पप्पांच्या पायापासून करते.

त्यांच्या शुगरला आता बरीच वर्षं झाली, तळव्यांची जाणीव कमी झाली आहे. रविवारी उपासनेहून आलो की मी त्यांचे पाय तपासते. दहा ग्रॅमचा तो नायलॉनचा धागा तळव्याला टेकवायचा, वाकेपर्यंत दाबायचा आणि उचलायचा. ते डोळे मिटून बसतात. अंगठ्याखाली धागा लावून, उचलून झाला तरी म्हणतात, "अगं, लाव की आता." मागे कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवरून आले ते बुटात काटा घेऊन. मोजा रक्तानं चिकटलेला आणि हे मजेत पेपर वाचताहेत! मला तेव्हा वाटलं, देवा, यांना जरा दुखू दे.

याच गोष्टीमागे, दुखणं न जाणवण्यामागे, हातांचे सर्जन डॉ. पॉल ब्रँड आयुष्यभर लागले होते. 1946 मध्ये ते वेल्लोरच्या ख्रिस्ती हॉस्पिटलात आले. महारोगानं बोटं आपोआप सडून गळतात, असा तेव्हा सर्रास समज होता. त्यांनी दाखवून दिलं की रोग नसा मारतो आणि बाकीची हानी बहुतेक त्यामुळे होते. गरम भांडं धरलं तरी कळत नाही, जखम झाली तरी तोच हात, तोच पाय वापरात. तू पाहिलीस ती अल्नर नर्व्ह गेली की करंगळी आणि शेजारचं बोट आत वळतात. ब्रँड धडधाकट स्नायूचा कंडरा (स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी) तिकडे जोडून असे हात पुन्हा कामाला लावायचे. तुम्हा फिजिओवाल्यांचं काम तिथून पुढे सुरू होतं.

पुढे अमेरिकेत त्यांनी नकली वेदना तयार करायचा घाट घातला. हातमोज्यात सेन्सर, दाब वाढला की आवाज. लोक आवाजाकडे दुर्लक्ष करायचे. मग विजेचा झटका दिला, तर काम अडतं म्हणून लोक यंत्रच बंद करायचे. शेवटी नाद सोडला. ज्याचं बटण आपल्या हातात, ते दुखणं कामाचं नाही.

आणि देवानं केलेली व्यवस्था बघ. तव्याला बोट लागलं की हात आधी मागे येतो. तो हुकूम मणक्यातूनच सुटतो, मेंदूला खबर मागाहून. मग येते ती तीक्ष्ण कळ, भरभर. त्यामागून ठणका, वेष्टन नसलेल्या बारीक तंतूंतून, सेकंदाला जेमतेम एखादा मीटर अशा चालीनं. कळ सांगते 'सोड', ठणका सांगतो 'आता काही दिवस वापरू नकोस'. प्रवचन लांबलं की आपण बाकावर सारखी बूड हलवत बसतो ना, तीही हीच व्यवस्था. ती नसती तर एकाच जागी दाब पडून कातडी फुटली असती. (पाळकसाहेबांना हे सांगू नकोस.)

पण म्हणून दुखणाऱ्या माणसाला "ही देवाची देणगी आहे" असं म्हणायला जाऊ नकोस, मला तो प्रकार अजिबात आवडत नाही. कॅन्सर वॉर्डात रात्रपाळी केली आहे मी. तिथलं दुखणं कशापासून वाचवत नाही, काही शिकवत नाही, नुसतं छळतं. तिथे मॉर्फिन वेळेवर द्यायचं, बस. प्रभू येशूनंही कुठल्या रोग्याला वेदनेचे गुण ऐकवले नाहीत, बरं केलं. स्वतः मात्र वधस्तंभावर खिळण्याआधी वेदना बधिर करायला देऊ केलेला बोळ मिसळलेला द्राक्षारस नाकारला.

आणि योहानाच्या शुभवर्तमानाचा विसावा अध्याय पुन्हा वाच. मरणातून उठलेलं शरीर, बंद दारांतून आत आलेलं, त्यावर खिळ्यांच्या खुणा राहायचं काही कारण होतं का? पण त्या होत्या, आणि शंका घेणाऱ्या शिष्याला, थोमाला, त्याच दाखवल्या. स्तोत्रातल्या 'अद्भुत' मध्ये मी त्याही धरते. तुझ्याकडे येणाऱ्यांतले कितीतरी जण पूर्ववत होणार नाहीत. त्यांचा वाकडा हात हातात घेशील तेव्हा हा अध्याय उपयोगी पडेल.

नाताळला येताना पप्पांसाठी एमसीआरच्या (मऊ रबराच्या) चपला बघ, नऊ नंबर, मागे पट्टा असलेल्या. दिसायला बऱ्या नाहीत म्हणून माझ्यावर कुरकुरतात. तू आणल्यास म्हणजे मुकाट्यानं घालतील.

तुझी,
मम्मी