कुत्र्याला चॉकलेट : आधी वजन पाहा, मग ‘एवढंसं’ म्हणा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राखीपासून नाताळापर्यंत घरोघरी चॉकलेटचे डबे येतात आणि टीपॉयवर उघडेच पडतात. कुत्र्याने त्यात तोंड घातलं की ‘एवढ्याशानं काय होतंय’ म्हणतात, नाहीतर थेट रडारड. दोन्हींच्या आधी दोन गोष्टी पाहाव्यात : जनावराचं वजन आणि चॉकलेटचा प्रकार.

विषबाधा होते ती मुख्यतः कोकोतल्या थिओब्रोमिनमुळे. कुत्र्याच्या रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर यायलाच साधारण १७ तास लागतात. एक ग्रॅम मिल्क चॉकलेटमध्ये ते सुमारे २ मिलिग्रॅम, डार्कमध्ये ५, बिनसाखरेच्या बेकिंग चॉकलेटमध्ये १५ च्या आसपास आणि कोको पावडरीत २० किंवा त्याहून जास्त असतं. वजनाच्या दर किलोमागे २० मिलिग्रॅम गेलं की उलट्या-जुलाब, ४० ते ५० ला हृदयाचे ठोके बिघडतात, ६० च्या पुढे झटके. ३० किलोच्या लॅब्रॅडॉरने ५० ग्रॅम मिल्क चॉकलेट फस्त केलं तर किलोमागे जेमतेम तीन. फार तर पोट बिघडेल. तेवढंच डार्क ३ किलोच्या पॉमेरेनियनने खाल्लं तर ८३! केकसाठी चाळून ठेवलेली कोको पावडर तर तिला सहा ग्रॅमही, म्हणजे एखादा मोठा चमचा, जड जाते. घरगुती बेकरमंडळी वापरतात ते डार्क कंपाउंड ‘खरं चॉकलेट नव्हे’ हे खरं, पण त्यातही कोको असतोच.

व्हाइट चॉकलेटमध्ये थिओब्रोमिन नगण्य, मात्र भरपूर स्निग्धांशाने स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. बेदाणे घातलेली वडी किंवा झायलिटॉल असलेलं ‘शुगर फ्री’ चॉकलेट असेल तर वरचा हिशेब विसरा. बेदाण्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, झायलिटॉलने रक्तातली साखर झपाट्याने उतरते.

मांजराला गोड चव कळतच नाही, म्हणून ते सहसा वाटेला जात नाही. पण चॉकलेट आइस्क्रीमच्या वाटीतलं दूध-साय त्याला ओढून नेते, आणि वजन असतं तीन-चार किलो.

फसगत होते ती वेळेची. लक्षणं ठळक व्हायला सहा ते बारा तास लागू शकतात. संध्याकाळी डबा फोडलेला कुत्रा रात्री मजेत खेळतो आणि पहाटे धापा टाकत फेऱ्या मारू लागतो, सारखं पाणी पितो, जागोजाग लघवी करतो, थरथरतो. तोवर उलटी करवण्याची वेळ बहुधा टळलेली असते. ती पहिल्या दोनेक तासांत करवली तर सर्वांत उपयोगी.

ती घरी मात्र करवू नये. मिठाचं पाणी तर मुळीच नको : रक्तातलं सोडियम वाढून त्यानेच झटके येतात. थिओब्रोमिनवर उतारा नाही. डॉक्टर इंजेक्शनने उलटी करवतात, कोळशाचं औषध देतात, सलाइन लावतात. कुत्र्याला वरचेवर लघवीला न्यायला सांगतात, कारण मूत्राशयात साठलेलं थिओब्रोमिन पुन्हा रक्तात शोषलं जातं.

दवाखान्यात निघताना फाटलेलं वेष्टन आणि उरलेले तुकडे पिशवीत घ्या. किती वाजता खाल्लं, तेही लिहून ठेवा. मूळ वजनातून उरलेलं वजा केलं की पोटात गेलेला आकडा मिळतो, आणि रात्री दोन वाजता डॉक्टर फोनवर पहिल्यांदा तोच विचारतात.

– एक पशुवैद्यक, पुणे