सुध्या, स्प्रिंग घेऊ नकोस

प्रिय सुध्या,

गाडी उजवीकडे कललेली दिसते, हा तुझा मेसेज येऊन तीन आठवडे झाले आणि मी उत्तर दिलं नाही. माईंच्या डोळ्याच्या ऑपरेशनलाही नुसता फोन करून मोकळा झालो, तेही मनात टोचतंय. पण काल अप्पाकडून कळलं की तू या आठवड्यात उजवीकडची पुढची स्प्रिंग घ्यायला निघालायस, आणि मग राहवेना. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू मला कधी वाक्य पुरं करू देतोस? माझी तब्येत ठीक, गुडघा आहे तसाच. आता ऐक. स्प्रिंग घेऊ नकोस. निदान हे पत्र पुरतं वाचून होईपर्यंत तरी नको.

तुझी मापं समोर घेऊनच बसलोय. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत पुढे डावीकडे ३९२ मिलिमीटर, उजवीकडे ३७६. मागे डावीकडे ३८१, उजवीकडे ३७४. जमिनीपासून न मोजता चाकाच्या मध्यापासून मोजलंस हे उत्तम केलंस, टायरमधल्या हवेचा घोळ त्यात फारसा येत नाही. पण आकडे पुन्हा बघ. पुढे फरक १६, मागे ७. अरे, गाडीची बॉडी म्हणजे एक सलग डबा आहे. तो पुढे जास्त आणि मागे कमी कलंडेल कसा? चारही चाकं एका पातळीत असतील तर पुढचा आणि मागचा फरक जवळजवळ सारखाच यायला हवा, मिलिमीटर-दोन मिलिमीटर इकडेतिकडे. तुझ्याकडे ९ मिलिमीटरची तफावत आहे, आणि ती कुठल्याही स्प्रिंगमुळे येऊ शकत नाही. म्हणजे एक तर तुझ्या अंगणातल्या चिऱ्यांच्या फरसबंदीला पीळ आहे, नाही तर त्या गणपतीपुळ्याच्या वळणावर गाडी आदळल्यानंतर उजवं मडगार्ड बदललं तेव्हाच ते खाली बसलं आहे. जमिनीचा पीळ असेल तर खरा कल साडेअकराच्या आसपास. मडगार्डचा दोष असेल तर फक्त ७. आणि तुला गॅरेजमध्ये सांगितलं १६!

म्हणून आधी जमीन बघ. गवंड्याकडची पाण्याची पारदर्शक नळी आण, दहा मीटरची पुरे. चार चाकांच्या चार जागा खडूने आख आणि नळीने चारही जागांची पातळी काढ. जी जागा खाली असेल तिथे प्लायवूडचे तुकडे किंवा फरशी घालून चौघी समान कर, मग गाडी वर चढव. गाडी उलट तोंडाने उभी करून पुन्हा मोजायची युक्ती तुला ठाऊक आहे, तीही कर. पण तिने फक्त बाजूचा उतार पकडला जातो, पीळ नाही. पिळलेल्या जमिनीवर गाडी फिरवून लावली तरी पीळ तसाच्या तसा येतो, कागदावर काढून बघ. तिथेच भले भले फसतात.

मडगार्डची खात्री करायची तर मडगार्ड सोडूनच दे. लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा हात) जिथे क्रॉसमेंबरला (गाडीखालच्या आडव्या तुळईला) बसतो त्या आतल्या बोल्टच्या मध्यापासून जमिनीपर्यंत दोन्हीकडे मोज. ती जागा कुठल्या पत्रेवाल्याने ठोकलेली नसते. मात्र हे जमिनीपासूनचं माप, म्हणून चारही टायर एकाच साइजचे आणि हवा सारखी. एकाच रिमवर डावीकडे-उजवीकडे १६५/८० आणि १६५/६५ असे टायर आले तर तेवढ्यानेच चाकाच्या मध्यात अडीच सेंटिमीटरचा फरक पडतो. टाकी किती भरली आहे ते लिहून ठेव, डिकी रिकामी कर. जॅकवरून उतरवल्यावर लगेच मोजू नकोस. टायरांना आडवं बाहेर सरकायचं असतं, ते सरकत नाहीत आणि गाडी अडकल्यासारखी उंच राहते. आठ-दहा मीटर पुढे-मागे ढकल, पुढून दाबून तीन-चारदा उसळव, मग मोज. असं तीनदा करून सरासरी घे. आणि मोजताना तू आत बसलेला नव्हतास ना? तुझे ९२ किलो उजव्या सीटवर पडले की एवढ्या गाडीचा त्या एका कारणाने आठ-दहा मिलिमीटरचा कल होतो. माईंना बसव डावीकडे, निम्मा प्रश्न सुटेल.

पाच मिलिमीटरपर्यंतच्या फरकाकडे मी बघतही नाही. दहा-बारा आला तर कारण शोधायचं. पंधराच्या वर गेला तर काहीतरी तुटलंय, चुकीचं बसलंय किंवा वाकलंय.

आता मुख्य गोष्ट. डावा लोअर आर्म नवीन बसवल्यानंतर गाडी अशी दिसायला लागली, हे तूच लिहिलंस. मग उजवी स्प्रिंग नेमकी त्याच दिवशी मेली का? लोअर आर्मच्या सांध्यात बुश असतं, त्यातलं रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं. बोल्ट आवळला की आतली नळी जागच्या जागी जखडते आणि त्यानंतर आर्मची प्रत्येक हालचाल म्हणजे त्या रबराला पीळ. गाडी लिफ्टवर, चाक खाली लोंबतंय आणि फिटरने त्याच अवस्थेत बोल्ट पुरता आवळला, तर रबराला ती लोंबती अवस्थाच आपली जागा वाटते. गाडी खाली आल्यावर रबर सतत पिळलेलं राहतं आणि आर्मला खाली, म्हणजे बॉडीला वर, ढकलत राहतं. एकेका बुशचा जोर थोडा, पण दोन्ही मिळून त्या कोपऱ्याला पाच ते दहा मिलिमीटर उचलून धरू शकतात. म्हणजे उजवी बाजू बसली नाही, डावी वर थांबली आहे! शिवाय असं पिळलेलं बुश लवकर फाटतं, आणि मग 'नवा पार्ट डुप्लिकेट निघाला' म्हणून दुकानदाराशी भांडण.

इलाज फुकटचा आहे. पुढची दोन्ही चाकं रॅम्पवर चढव किंवा गाडी पिटवर घे. वजन चाकांवरच राहिलं पाहिजे, त्यातच सगळं आहे. हँडब्रेक लाव, मागच्या चाकांना ओंडके लाव, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरायचं नाही. दोन्ही बाजूंच्या लोअर आर्मचे आतले बोल्ट अर्धा-एक फेरा ढिले कर, काढू नकोस. टॉमीने किंचित हलवून आतली नळी सुटली का बघ. जुन्या उजव्या बाजूला ती गंजून बोल्टला धरलेली असते, तुमच्या खाऱ्या हवेत तर हमखास. मग पुढून दाबून गाडी उसळव, बसू दे, आणि त्याच उंचीवर टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळ. नायलॉनचे नट असतील तर नवे घाल. मागची दोन चाकं जोडणारा बीम जिथे बॉडीला बसतो तिथल्या दोन बोल्टांनाही हाच नियम. नंतर पुन्हा मोज. अर्धा कल इथेच जाईल अशी माझी अटकळ आहे.

उरलेल्यासाठी डावा स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला खांब) बघ. त्याच्या वरची बैठक, टॉप माउंटिंगही नवीन टाकलं ना? म्हणजे स्प्रिंग दाबून स्ट्रट उघडला होता. खालच्या वाटीत एक पायरी असते, स्प्रिंगच्या तारेचं टोक त्या पायरीला टेकून बसायला हवं. बसवताना स्प्रिंग थोडी फिरली की टोक पायरीवर चढतं आणि तो कोपरा सात-आठ मिलिमीटर उंच राहतो. टॉर्च मारून बघ, चाक न काढताही दिसतं. टोक आणि पायरी यांत बोटाएवढं अंतर चालेल, टोक वर चढलेलं चालणार नाही. नवं माउंटिंग जुन्या चेपलेल्यापेक्षा उंच असतं, दोन-चार मिलिमीटर त्याचेही. स्प्रिंगखालचं रबर एकीकडे आहे आणि दुसरीकडे गायब, असंही होतं.

उजव्या स्प्रिंगला दोष द्यायचाच तर पुरावा हवा. खालचा शेवटचा वेढा तपास. तो वाटीत चिखल-पाण्यात राहतो, रंग उडतो, गंज खड्डा पाडतो आणि तिथून तार तुटते. तुकडा तिथेच अडकून राहतो म्हणून वरवर काही कळत नाही. उभ्या गाडीचं स्टिअरिंग फिरवताना 'टक' असा आवाज आला तर आधी तिथे टॉर्च. कोकणातल्या गाड्यांचं हे मोठं दुखणं आहे आणि तुटलेलं टोक टायरला लागलं तर जिवाशी खेळ. तसं दिसलं तर माझ्या पत्राची वाट न बघता गाडी उभी कर.

तुटलेली नसेल तर दोष पुढे आहे की मागे हे आधी ठरव. दोन्हीकडच्या लिंक रॉड काढ, म्हणजे अँटी-रोल बार (वळणावर कल रोखणारी, डावं-उजवं चाक जोडणारी दांडी) मध्ये पडणार नाही. (बार मुळात गाडी कलवत नाही, पण वाकला असेल किंवा एक लिंक आखूड असेल तर एका बाजूला ओढून धरतो. बसवताना सपाट जमिनीवर लिंक हाताने जागेवर गेली पाहिजे.) मग पुढच्या क्रॉसमेंबरच्या बरोबर मध्यावर ट्रॉली जॅक लावून पुढची चाकं जेमतेम सुटतील एवढी गाडी उचल. आता पुढची बाजू एका टेकूवर आहे आणि कल ठरवताहेत फक्त मागच्या दोन स्प्रिंगा. मागे सरळ झाली तर दोष पुढे, कललेलीच राहिली तर मागे. मग हेच मागून. जॅकवर रुंद फळी ठेवू नकोस, फळीच बॉडीला तोलून धरेल आणि उत्तर खोटं येईल. लहानसा ठोकळा पुरे. आणि या वेळी गाडीखाली कुणी जाणार नाही, दार उघडणार नाही, बंड्यालाही लांब ठेव.

इतकं करून स्प्रिंगवरच बोट आलं तर दोन्ही पुढच्या स्प्रिंगा काढून प्रेसवाल्याकडे ने. नुसती मोकळी लांबी मोजून पुरतं कळत नाही. एकीवर एक ठेवून, मध्ये जाड चकती आणि आतून मार्गाला नळी घालून दोघींना एकत्र दाबायला सांग. जोर दोघींवर तोच पडतो, म्हणून त्या जोराखाली जिची लांबी कमी राहिली ती बसलेली. साध्या फूटपट्टीने निकाल लागतो. घ्यायच्याच झाल्या तर जोडीने घे. नवी एकटी उजवीकडे घातलीस की डावी बाजू बसलेली दिसेल आणि वर्षभराने हेच पत्र मला पुन्हा लिहावं लागेल. काही गाड्यांना डाव्या-उजव्या स्प्रिंगांचे पार्ट नंबर वेगळे असतात, आणि तारेवरच्या रंगाच्या पट्ट्या तिचा भार-वर्ग सांगतात. जुन्या पुसण्याआधी त्यांचा फोटो काढ.

आता तो दादांच्या पद्मिनी गाडीचा वाद. तू अजूनही अप्पाला सांगतोस म्हणे की शॉकअप गेला म्हणून गाडी बसते. सुध्या, शॉकअप वजन उचलत नाही, तो फक्त हेलकावा शमवतो. गॅसचा शॉकअप दांडा बाहेर ढकलतो तेवढा किंचित हातभार, तोही एकीकडे गॅस आणि दुसरीकडे साधा असेल तर मापात दिसेल इतकाच. पद्मिनीच्या मागे कमानपाटे होते आणि उजवा मेन पाटा तडकलेला होता. मी तेव्हाही तेच म्हणत होतो, आता कबूल कर.

आणि वेढ्यांमध्ये ते रबरी बफर बसवायचा विचार मनात असेल तर काढून टाक. बफरने एक-दोन वेढे जखडले जातात, सगळी हालचाल उरलेल्या वेढ्यांवर येते, आणि रबराखाली वाळू अडकून रंग खरवडला जातो. समुद्राकाठी गंज कुठून सुरू होईल ते तुला मी सांगायला नको. गाडी दोन दिवस सरळ दिसेल आणि खरं कारण तसंच आत राहील. टॉर्शन बारच्या (पिळून स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांडीच्या) बऱ्याच गाड्यांना उंची लावता येते, ती त्यांची मूळ सोयच आहे. अँबेसेडरला पुढे टॉर्शन बार होते, आठवतंय ना? तुझ्या गाडीत तशी सोय नाही.

चाकांचं अलाइनमेंट उंची जागेवर आल्यानंतरच करायचं. आधी केलंस तर पैसे वाया, कारण उंची बदलली की टो (चाकांचा आत-बाहेर रोख) आणि कॅम्बर (चाकांचा उभा कल) दोन्ही बदलतात.

बबनच्या पिकअपच्या कलाचं थोडक्यात: पाटे डावे-उजवे अदलून बघायला सांग. कल बाजू बदलून गेला तर पाटे, नाही गेला तर शॅकल (पाट्याच्या टोकाचा हलता जोड) धरलाय किंवा चॅसीचा हँगर (पाटा अडकवायची बैठक) वाकलाय. सेंटर बोल्ट तुटलेला असेल तर अ‍ॅक्सल सरकतो, तोही बघायचा. पाट्यांना नुसता बाक देऊन घेतला आणि टेम्पर नाही केलं तर पावसाळ्याआधी परत बसतील.

माईंना नमस्कार, त्यांचं काळा चष्मा लावून पेपर वाचणं थांबव. मीनूच्या ॲडमिशनचं काय झालं, कॉलेज पक्कं झालं का? स्लॅबचं पाणी मारणं नीट चाललंय ना? वहिनींना सांग, कोकमं मिळाली, आगळ अजून उघडलेलं नाही.

नवी मापं पाठवशील तेव्हा टाकीत किती पेट्रोल होतं तेही लिही, आणि बोल्ट ढिले करण्याआधीचे आणि नंतरचे आकडे वेगवेगळे. रविवारी दुपारनंतर मी घरीच आहे.

तुझा,
वसंता