हिप्परग्याला जाण्याआधी

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न.

दुर्बीण पोचली हे कळलं. बाबा, तुम्हाला कडेनं काळं वर्तुळ दिसतं त्यात काचेचा दोष नाही. चष्मा लावूनच पाहायचं, पण डोळ्याशी येणाऱ्या रबरी कडा आत दाबून घ्या. चष्म्यामुळे डोळा लांब राहतो, त्यात कडा वर असल्या की चित्र कापलं जातं. मग दोन्ही नळ्या जवळ-लांब करून एकच गोल दिसेलसं करा. उजवा डोळा मिटून मधलं चाक फिरवा, डाव्या डोळ्याला लांबची फांदी स्पष्ट दिसली की थांबा. आता डावा मिटा आणि फक्त उजव्या नळीवरची कडी फिरवा. पुढे मधलं चाक तेवढं वापरायचं. आईच्या हातात दुर्बीण गेली की कडी पुन्हा लावावी लागेल, म्हणून दोघांच्या खुणा पेनानं करून ठेवा. पक्षी दिसला की नजर त्याच्यावरून न हलवता दुर्बीण डोळ्यांकडे आणायची. आधी दुर्बीण लावून शोधत बसलं तर तो सापडत नाही.

हिप्परग्याच्या तलावावर सकाळी सातला पोचा. नऊनंतर ऊन चढतं, पाण्यावरची हवा थरथरते आणि दूरचं धूसर होतं. सूर्य पाठीशी येईल असा काठ धरा, नाहीतर सगळी बदकं काळीच दिसतील. पाणी मागे हटलेल्या चिखलात लालसर, काडीसारख्या पायांचे शेकाटे असतील. फावड्यासारखी चोच पाण्यावर फिरवत जाणारा तो थापट्या. नारिंगी-तपकिरी जोडी दिसली तर चक्रवाक.

पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे ते पट्टकादंब. रात्री शेतात चरून ते दिवसा काठावर विसावतात. थव्यातल्या माना एकदम ताठ झाल्या तर तिथंच थांबा, जमल्यास दोन पावलं मागे या. फोटोसाठी पुढं जाऊ नका. हिमालय ओलांडून जायचंय त्यांना. अंगावर चरबी साठवायच्या दिवसांत त्यांना उगाच उडवणं मला फार लागतं.

येताना ज्वारीच्या शेतावर गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या भोरड्यांचा थवा वळताना दिसेल. त्यासाठी गाडी बाजूला लावा, दुर्बीण नको, थवा नुसत्या डोळ्यांनीच बघावा.

आई, कॅलेंडरवर दर फेरीचे पट्टकादंब मोजून लिही. शेवटचे कोणत्या तारखेला दिसले ते मला हवंय.

तुमची,
मनू