मागणी शेवटपर्यंत नेण्याचे शिक्षण द्या

महोदय,

मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढची निवडणूक थेट जानेवारी २०२६ मध्ये झाली. ७४वी घटनादुरुस्ती सांगते की मुदत संपण्याआधी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. मधल्या काळात अठरा वर्षे पूर्ण केलेल्या मुंबईकर तरुणांनी निवडून आलेल्या नगरसेवकांऐवजी सरकारने नेमलेल्या प्रशासकाचाच कारभार पाहिला. राजकीय सुधारणेबद्दल त्यांना मनापासून काही करायचे असते. पण आपली युवा शिबिरे त्यांना वक्तृत्व, व्यक्तिमत्त्व विकास आणि पथनाट्य शिकवून घरी पाठवतात. एखादी मागणी कागदावर कशी आणायची आणि निर्णय होईपर्यंत तिच्या मागे कसे लागायचे, हे फार थोड्या ठिकाणी शिकवले जाते. असे प्रशिक्षण देणारे कार्यकर्ते म्हणून त्यात काय असावे, हे नेमकेपणाने मांडावेसे वाटते.

सुरुवात मागणीच्या शब्दांपासून करावी. ‘कारभार पारदर्शक करा’ याला कोणताही अधिकारी ‘हो’ म्हणेल आणि त्यातून काहीच होणार नाही. ‘प्रभाग समितीची कार्यक्रमपत्रिका सभेच्या तीन दिवस आधी आणि इतिवृत्त मंजूर झाल्यावर आठवड्याभरात संकेतस्थळावर टाका’ ही मागणी आहे. ती मान्य झाली की नाही, हे कोणालाही तपासता येते. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ नुसार प्रभाग समितीवर, म्हणजे काही प्रभागांच्या नगरसेवकांच्या समितीवर, स्वयंसेवी व वस्ती पातळीवरच्या संस्थांचे तीनपर्यंत सदस्य नेमता येतात. ‘आमच्या प्रभाग समितीवर हे सदस्य नेमा’ हीसुद्धा तरुणांना पेलणारी मागणी आहे. तिच्यासाठी नवा कायदा लागत नाही.

त्यानंतरचा प्रश्न अधिकार कोणाचा हा, आणि बहुतेक प्रयत्न इथेच फसतात. महापौरांना जास्त अधिकार हवेत म्हणून नगरसेवकाला निवेदन देऊन उपयोग नाही. कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे असतात, त्यांची नेमणूक राज्य सरकार करते आणि ही व्यवस्था बदलायची तर विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती करावी लागते. मतदार यादीचेही तसेच. यादी भारत निवडणूक आयोगाच्या यंत्रणेची असते, राज्य निवडणूक आयोग महापालिकेसाठी ती प्रभागनिहाय फोडून घेतो. नावच नसेल तर अर्ज एकीकडे, नाव चुकीच्या प्रभागात गेले असेल तर हरकत दुसरीकडे. प्रशिक्षणाचा एक पूर्ण दिवस यावरच द्यावा. प्रत्येक मागणीपुढे लिहायचे: कायदा बदलावा लागेल, नियम, परिपत्रक, की नुसती प्रथा? कायदा असेल तर आमदार, नियम असेल तर बहुधा नगरविकास विभाग, परिपत्रक असेल तर आयुक्त, प्रथा असेल तर विभाग कार्यालयातले सहायक आयुक्त किंवा सभांचे कामकाज पाहणारे चिटणीस खाते.

माहिती अधिकाराचा अर्ज तर प्रत्येकाने हाताने लिहून पाहावा. महाराष्ट्रात जोडपत्र ‘अ’ हा अर्जाचा ठरलेला नमुना, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा. ‘सभा नियमित का होत नाहीत?’ असे विचारले की उत्तर येते, कारणे देणे माहितीच्या व्याख्येत बसत नाही. म्हणून कागद मागायचा: ‘अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंतच्या प्रभाग समिती सभांची इतिवृत्ते व उपस्थितीपत्रके’. हे कागद चिटणीस खात्याकडे असतात, अभियंत्याकडे नाहीत. अर्ज चुकीच्या प्राधिकरणाकडे गेला तर त्यांनी तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो, पण आधीच पत्ता बरोबर काढलेला बरा. ३० दिवसांत उत्तर आले नाही, तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील. ही तारीख वहीत लिहून ठेवलेली नसते म्हणूनच ती हुकते.

भेटीची तालीमही घ्यावी लागते. तिघे पुरतात: एक बोलणारा, एक प्रश्नांना उत्तर देणारा, एक टिपणे घेणारा. एका पानाच्या टिपणात मागणी, आधार असलेले कलम, जोडलेले कागद आणि उत्तराची अपेक्षित तारीख असावी. पंधरा जण गेले की भेटीचे फोटोसत्र होते आणि साहेब ‘बघतो’ म्हणून मोकळे होतात. परत आल्यावर त्याच दिवशी ‘आजच्या भेटीत आपण पुढील गोष्टी मान्य केल्या’ असे पत्र द्यावे. त्यावर आवक क्रमांकाची पोच घेतली नाही, तर दालनात झालेले बोलणे झालेच नव्हते असे समजावे.

वेळेचे भान हा स्वतंत्र पाठ आहे. महापालिका आयुक्त ५ फेब्रुवारीपर्यंत अर्थसंकल्प मांडतात, म्हणजे खर्चाची मागणी नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच पोहोचली पाहिजे. अधिवेशन सुरू झाल्यावर तारांकित प्रश्नासाठी (ज्याचे उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात) आमदारांकडे गेलात, तर उशीर झालेला असतो. नगरसेवकाने मांडलेली ठरावाची सूचना मंजूर झाली की पेढे वाटू नयेत. ती आयुक्तांकडे अभिप्रायासाठी जाते आणि खरा पाठपुरावा तिथून सुरू होतो.

गट मोडतात ते मतभेदांपेक्षा परीक्षांमुळे. सत्र परीक्षा आली की कागदपत्रे एकाच्या मोबाइलमध्ये अडकतात. म्हणून एक कागदी फाइल असावी, तिच्या पहिल्या पानावर तारीखवार नोंद, आणि ती सांभाळणारे दोघे, तेही वेगवेगळ्या वर्षांत शिकणारे. दुसरा धोका पक्षांचा. प्रभाग समितीतल्या सर्व पक्षांच्या नगरसेवकांना तेच टिपण, त्याच दिवशी द्यावे. एकाच पक्षाच्या कार्यालयात पहिली बैठक झाली, तर दुसऱ्यांचे दरवाजे बंद झालेच. रस्त्यावर उतरण्याला आमचा विरोध नाही. आझाद मैदानात धरणे धरायचे असेल तर पोलिसांकडे लेखी अर्ज कसा करायचा, हेही शिकवावे. फक्त धरण्याला बसण्याआधी हातात फेटाळलेला अर्ज किंवा उत्तर न आलेल्या अर्जाची पोच असावी.

यासाठी नवी योजना लागत नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकाला वर्षाला १२० तास काम करायचे असते. त्यातले ३० तास या प्रशिक्षणाला द्यावेत आणि प्रत्येक महाविद्यालयाच्या एककाने वर्षभर एकच मागणी घेऊन तिची फाइल पूर्ण करावी. स्वच्छता मोहिमेप्रमाणेच त्याचे तास मोजले जावेत. मुंबई विद्यापीठाने तसे परिपत्रक जूनमध्ये महाविद्यालये सुरू होण्याआधी काढावे, कारण त्यानंतर वर्षाचे वेळापत्रक ठरून गेलेले असते.

— नागरी प्रशिक्षण देणारे काही कार्यकर्ते, परळ, मुंबई